बॅगा कोण उचलणार?

पावसाळा नुकता सरला होता आणि आझाद मैदानाची माती अजून बुटांना चिकटत होती. सोळा वर्षांखालच्या पोरांचा सराव सामना संपला. संघातला सगळ्यात जुना पोरगा म्हणजे विकेटकीपर. त्याने झाडाखाली पडलेल्या बॅगांकडे नुसती हनुवटी हलवली आणि म्हणाला, "छोट्या, बॅगा." छोट्या त्या दिवशी पहिल्यांदाच संघात आलेला. चौदाचा असेल, काटकुळा, लांब हातांचा, वेगवान गोलंदाज. त्याने स्वतःची बॅग खांद्याला लावली, "दादा, माझी ट्रेन आहे," म्हणाला आणि सबवेच्या दिशेने निघून गेला. कोणी आवाज चढवला नाही. दोघं-तिघं हसले, "लय शाणा आहे" असं कोणीतरी पुटपुटलं, बस्स. पुढच्या सामन्यात मात्र ते पोरगं दिवसभर एका टोकाच्या फाइन लेगवरून, म्हणजे यष्टीमागे लांब सीमारेषेजवळच्या जागेवरून, दुसऱ्या टोकाच्या फाइन लेगला चालत राहिलं. एक षटक मिळालं नाही. फलंदाजीला नाव अकराव्या क्रमांकावर, म्हणजे तेही नाहीच. सर तंबूत स्कोअरबुक तपासत बसले होते.

यात कोणी कोणाच्या अंगाला हात लावला नाही. शिवी दिली नाही. कॅप्टनला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, विकेट फिरकीला साथ देत होती. कदाचित देतही असेल. ही सोयच खुपते.

नव्या पोराची थोडी खेचली तर काय बिघडलं, हा प्रश्न मैदानांवर कायम कृत्याच्या आकारावरून सोडवला जातो. मारलं का? नाही. कपडे काढले का? नाही. मग काय, बॅगाच तर उचलायला सांगितल्या. तर आधी बॅगच बघू. हल्लीच्या एका किटबॅगेत बॅट असते सव्वा किलोच्या आसपासची, पॅडची जोडी, थायपॅड, हेल्मेट, ग्लव्ह्जच्या दोन जोड्या, स्पाइक्स, बदलायचे कपडे, डबा आणि पाण्याची बाटली. सगळं मिळून आठ-दहा किलो सहज भरतं. चाकं असतात, पण ती मैदानातल्या ओल्या मातीत रुततात आणि सबवेच्या पायऱ्यांवर त्यांचा उपयोग शून्य. चौदा वर्षांचं पोरगं असतं चाळीस-पंचेचाळीस किलोचं. स्वतःची एक आणि सीनिअरची एक धरली तरी त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भार झाला. दोन पट्ट्यांची बॅग असेल तर पाठीवर तरी जाते. जुन्या डफल बॅगेचा पट्टा एकाच खांद्यावर येतो, आणि उजव्या हाताचं पोरगं तो सवयीने उजव्याच खांद्यावर घेतं. म्हणजे दिवसभर ज्या खांद्याने चेंडू टाकला तोच. त्यानंतर सीएसएमटीवरून संध्याकाळची कल्याण स्लो. दारातल्या लोकांना किटबॅग दिसली की त्यांचा चेहरा कसा होतो ते मुंबईत कोणाला सांगायला नको. अशा वेळी दोन बॅगा घेऊन आत शिरणारं पोरगं एक तर गाडी सोडतं किंवा दारात लटकतं. ठाण्यापलीकडे राहणाऱ्याला त्या सोडलेल्या गाडीची किंमत अभ्यासातल्या एका तासाने मोजावी लागते. सांगणारा दादरला राहतो, हे त्याच्या लक्षातही नसतं.

एवढं असूनही, नव्या पोराने काम करूच नये असं म्हणणं पटत नाही. काही कामं अशी आहेत की ती केल्याशिवाय मैदान कळतच नाही. मॅटिंग ठोकणं घ्या. बावीस यार्डांची काथ्याची मॅट अंथरायची, एक टोक खिळ्यांनी पक्कं करायचं, दुसऱ्या टोकाला तीन-चार जणांनी मागे कलून ताणायचं आणि ताण सुटू न देता कडेचे खिळे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे मारत यायचं. सगळे खिळे आधी एकाच बाजूला मारले तर मॅट त्या बाजूला ओढली जाते आणि गुडलेंग्थवर, म्हणजे चांगला चेंडू जिथे टप्पा घेतो तिथेच, सुरकुती पडते. त्या सुरकुतीवर पडलेला चेंडू एक तर छातीवर येतो किंवा घोट्यावर. खिळ्याचं डोकं वर राहिलं तर क्रीजमध्ये सूर मारणाऱ्याचा तळहात फाटतो. हे हातोडी घेऊन चार वेळा केलेल्या पोराला चेंडू कुठे टाकायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. मुंबईच्या क्लबांच्या कांगा लीगचंही तेच. १९४८ पासून भर पावसात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर चालणारी ही स्पर्धा. ओली जमीन, स्टंपसाठी पहारेने भोकं पाडायची, गोलंदाजाचा पाय जिथे पडतो तिथे भुसा टाकायचा, चेंडू टॉवेलने पुसत राहायचा. ही कामं बहुतेक वेळा बाराव्या गड्याकडे, म्हणजे नव्याकडे येतात. भुसा नेमका कुठे टाकायचा हे कळायला तो कोणत्या गोलंदाजाचा पाय कुठे पडतो ते बघतो. बघता बघता शिकतो. सीनिअरची बॅग उचलून तो काय शिकतो? सीनिअरची बॅग जड आहे, एवढंच.

आता ज्याला कोणीच रॅगिंग म्हणत नाही ते. नेटचा, म्हणजे जाळीतल्या सरावाचा क्रम. तीनला नेट लागतं. नवा चेंडू, ताजे गोलंदाज, स्वच्छ उजेड, तेव्हा फलंदाजी करतात सीनिअर. नवी पोरं गोलंदाजी करतात. एका नेटला पाच गोलंदाज धरले आणि साधारण अर्ध्या मिनिटाला एक चेंडू पडला, तर प्रत्येकाचा अडीच मिनिटांनी एक. दोन तासांत पन्नासच्या आसपास चेंडू होतात. इंग्लंडच्या बोर्डाने वेगवान गोलंदाजांसाठी वयानुसार ज्या मर्यादा घातल्या होत्या, त्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सलग सहा षटकं आणि सरावाच्या एका सत्रात ३६ चेंडू अशी रेघ होती. कारण त्या वयात कंबरेचे मणके अजून पक्के झालेले नसतात, आणि धावत येऊन अंग पिळून टाकलेल्या प्रत्येक चेंडूचा झटका तिथेच बसतो. आधी नुसतं दुखतं, मग वाकताना कळ येते, आणि दुर्लक्ष केलं तर हाडाला बारीक तडा जाऊन सगळा मोसम बुडतो. आपल्याकडे छोट्याने पन्नास चेंडू टाकले की सीनिअर म्हणतो, "अजून दोन ओव्हर टाक रे, मजा येतेय." मग साडेपाचनंतर छोट्याची पाळी येते. चेंडूची शिवण गेलेली, गोलंदाज गाडीच्या वेळा बघतायत, कोणीतरी स्पाइक्स काढून चपला घालून ऑफस्पिन टाकतोय. पाच मिनिटांत "लास्ट बॉल" अशी आरोळी येते.

बॅगा उचलून पोरगं थकतं. इथे त्याचं क्रिकेटच काढून घेतलं जातं.

निव्वळ गंमतीची गोष्ट निराळी. विराट कोहली भारतीय संघात नवा होता तेव्हा युवराज, हरभजन, इरफान, मुनाफ या मंडळींनी त्याला पढवलं, की इथे येणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूने सचिनच्या पाया पडायचं असतं, तशी रीत आहे. तो खरंच पायाशी वाकला, सचिन गडबडला आणि मागे बाकीचे हसून लोळले. कोहलीने स्वतःच हा किस्सा सांगितलाय, आणि सांगताना तो हसत होता. ह्या फिरकीत कोणाचं काय गेलं? एका मिनिटात उलगडा झाला, आणि नव्या मुलाला सचिनशी पहिलं बोलणं करायला निमित्त मिळालं. ह्या गंमतीत युवराज पुढे होता, पण त्याचीही पाळी आधी येऊन गेलेली. २००० साली नैरोबीत त्याची पहिली खेळी ऑस्ट्रेलियाविरुद्ध होती. आदल्या रात्री गांगुलीने त्याला सांगितलं, उद्या तू सलामीला जायचंस. पोराची झोप उडाली. सकाळी गांगुली म्हणाला, मस्करी केली. त्याने पाचव्या क्रमांकावर येऊन ८४ धावा केल्या म्हणून हा किस्सा गोड झाला. शून्यावर बाद झाला असता तर त्या जागरणाचं काय करायचं होतं? पुढे २००५ मध्ये कोचीला पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याच्या सुमारास पोरांनी हिशेब चुकता केला. गांगुलीने सहकाऱ्यांवर टीका केल्याची खोटी कात्रणं बनवून त्याच्यापुढे ठेवली. कॅप्टन कप्तानी सोडायला निघाला, तेव्हा कुठे एप्रिल फूल असल्याचं त्याला कळलं. जिथे कॅप्टनचाही बकरा होतो तिथे नव्या पोराला हसता येतं. जिथे मस्करी फक्त वरून खाली वाहते, तिथे तो हसतो ते हसावं लागतं म्हणून.

आणि करणाऱ्यांना त्यातला फरक कळतोच असं नाही. युझवेंद्र चहलने २०२२ मध्ये सांगितलं, की २०१३ साली बंगळुरूच्या हॉटेलात एका दारू प्यायलेल्या सहकाऱ्याने त्याला पंधराव्या मजल्याच्या बाल्कनीबाहेर लटकवलं होतं. हात सुटला असता तर, हा विचार त्याने नऊ वर्षं जवळ ठेवला. त्या खोलीतही कोणाला तरी ही मस्तीच वाटली असणार. हसण्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो.

अमेरिकेत छोट्याचीच गोष्ट मोठ्या पातळीवर घडली. २०१० च्या सराव शिबिरात डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघातल्या नवख्या डेझ ब्रायंटने सीनिअर रॉय विल्यम्सचे पॅड उचलायला नकार दिला. मी फुटबॉल खेळायला आलोय, दुसऱ्याचे पॅड वाहायला नाही, असा त्याचा सूर. सप्टेंबरमध्ये संघातले लोक जेवायला गेले आणि बिल त्याच्या गळ्यात पडलं. ५४,८९६ डॉलर. तो करोडोंच्या कराराचा मालक होता, त्याने भरलं. आपल्याकडे ह्याचं भावंड म्हणजे "पहिली फिफ्टी, पार्टी दे." पंधरा जण, प्रत्येकी एक वडापाव आणि एक कटिंग, म्हटलं तर चार-साडेचारशे रुपये. कोणाच्या दृष्टीने काहीच नाही. ज्याने ग्लव्ह्ज घ्यायला दोन महिने थांबायचं ठरवलंय, तो मात्र पन्नाशीच्या जवळ आला की हिशेब करू लागतो. ४९ वर बाद होऊन हायसं वाटलेलं पोरगं ज्यांनी बघितलंय, त्यांना ही अतिशयोक्ती वाटणार नाही. पॅडवरून मुंबईचीच दुसरी गोष्ट आठवते. १९८७ मध्ये सचिनला सर्वोत्तम ज्युनिअर खेळाडूचा पुरस्कार मिळाला नाही, तेव्हा गावसकरांनी त्याला धीर देणारं पत्र लिहिलं होतं. स्वतःचे हलके पॅडही त्यांनी त्या पोराला दिले. ह्याच शहरात पॅड वरून खालीही आले आहेत.

अंगाला हात लागणाऱ्या प्रकारांबद्दल मात्र दोन मतं असायचं कारण नाही. बम्प्स. पहिलं शतक, पहिले पाच बळी किंवा वाढदिवस, कशाचंही निमित्त पुरतं. दोघं हात धरतात, दोघं पाय, आणि बाकीचे खालून लाथा घालतात. लटकलेल्या माणसाला अंग चोरता येत नाही. लाथ चुकून वर लागली तर मूत्रपिंडावर बसते, खाली लागली तर माकडहाडावर, आणि माकडहाडाचा मुका मार महिनोन् महिने धड बसू देत नाही. हात धरणाऱ्याची घामेजली पकड सुटली की डोकं आधी जमिनीवर येतं. पायात स्पाइक्स असतील तर बोलायलाच नको. दुसरा प्रकार, पॅड बांधून निघालेल्या पोराचा गार्ड, म्हणजे जांघेत घालायचं कवच, लपवायचा. तो वेळेच्या घाईत तसाच आत जातो, कारण गार्ड सापडत नाही हे अंपायरला सांगायची त्याला लाज वाटते. क्रिकेटचा चेंडू कमीत कमी १५५.९ ग्रॅमचा असतो, पुढचं लिहायची गरज नाही. कबड्डीच्या काही मंडळांत नव्या चढाईपटूवर पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून पडायचं, दाबून धरायचं. त्याचा दम आधीच संपत आलेला, वर पाच-सहा जणांचं वजन, छाती फुगायला जागा नाही. खुद्द कबड्डीच्या नियमात चढाई करणाऱ्याचं तोंड दाबून त्याचा दम तोडायला मनाई आहे. म्हणजे सामन्यात पंच जे करू देणार नाही, ते सरावात स्वागत म्हणून चालतं.

आणि मोबाइल. चड्डी ओढणं हा जुना वात्रटपणा आहे, तो पूर्वी दहा जणांनी बघितला आणि विसरला. आता व्हिडिओ निघतो आणि घरी पोहोचायच्या आत शाळेच्या ग्रुपवर असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई मध्ये अंतर्वस्त्र घातलेल्या भागाचं संमतीशिवाय केलेलं चित्रणही येतं. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे, आणि त्याची व्याख्या वाचून अनेक क्रीडाशिक्षक दचकतील. विद्यार्थ्याची फजिती करणारी मस्करी आणि तो एरवी स्वखुशीने करणार नाही अशी गोष्ट करायला लावणं, दोन्ही त्यात बसतं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पण हा कायदा शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यापुरता. शाळेच्या टोपीत हॅरिस शील्ड ही आंतरशालेय स्पर्धा खेळणारं पोरगं त्याच्या छत्राखाली आहे. तेच पोरगं रविवारी क्लबकडून खेळतं तेव्हा त्याच्यापाशी तो तंबूतला सर आहे, आणि सर स्कोअरबुक तपासतोय.

ह्या सगळ्याच्या बाजूने एक वाक्य हमखास येतं: आम्हीही केलंय, त्यानेच टीम घट्ट होते. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. १९५९ साली एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या दोघांनी एक प्रयोग केला. एका चर्चागटात यायचं तर काही मुलींना आधी अश्लील शब्द मोठ्याने वाचून दाखवायला लावले, काहींना साधेच शब्द दिले, काहींना थेट घेतलं. मग सगळ्यांना गटाची चर्चा ऐकवली. ती मुद्दाम कमालीची रटाळ बनवली होती. जास्त लाज सोसून आलेल्या मुलींनाच ती जास्त आवडली. सोसलं ते फुकट गेलं असं मानायला मन तयार होत नाही, म्हणून जिथे पोहोचलो ती जागा चांगली वाटू लागते. ह्यातून गटाची गोडी वाढलेली दिसते. चर्चा मात्र रटाळच राहिली होती. संघ घट्ट झाल्यासारखं वाटणं आणि दोघांच्या मधोमध उडालेल्या झेलासाठी एकाने वेळेवर "माझा" म्हणून ओरडणं, यांत बरंच अंतर आहे. दबलेलं पोरगं ओरडत नाही. सीनिअरच्या झेलात घुसलो तर काय होईल, हा विचार त्याच्या पायांपर्यंत पोहोचलेला असतो.

तरीही सगळी मस्करी पुसून टाकलेला संघ डोळ्यांसमोर आणला की कसंसंच होतं. अशी पोरं असतात ज्यांची कोणीच खेचत नाही. त्यांना टोपणनाव नसतं, आडनावाने हाक मारतात, बॅगाही कोणी उचलायला सांगत नाही. डबे उघडतात तेव्हा ती जरा बाजूला बसतात. त्यांना विचारलं तर सहा बॅगा हसत उचलतील. "छोट्या" ही हाक काहींना हवीशी असते. त्वचेच्या रंगावरून, गावावरून, बापाच्या धंद्यावरून पडलेलं नाव मात्र कोणालाच हवं नसतं, आणि ते हसून घेणाऱ्याचं हसू बघून फसू नये.

क्रिकेटमध्ये नव्याला सोसायला लावणारी एक जागा खेळातच आहे. फॉरवर्ड शॉर्ट लेग. बॅटपासून दोन पावलांवर, सगळ्यात धाकट्याने उभं राहायचं, ही जगभरची रीत. ती आवडते, कारण तिथे नुसता बळीचा बकरा होत नाही, तिथे बळी मिळतात. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर तिथे हेल्मेटशिवाय उभा राहिला आणि २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेला. पण १९९८ मध्ये ढाक्यात भारताचा माजी फलंदाज रमण लांबा त्याच जागी हेल्मेटशिवाय उभा राहिला, चेंडू कपाळाच्या बाजूला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. तोही नवखा नव्हता, अडतिसाव्या वर्षी गेला. त्यामुळे नव्याला तिथे पाठवायचं तर हेल्मेट, गार्ड आणि शिनगार्ड हवेत. शिवाय आधी टेनिस बॉलवर पंधरा-वीस मिनिटं रोजचा सराव हवा: गुडघ्यात वाकून, वजन पंजांवर, नजर बॅटवर, आणि स्वीपची चाहूल लागली की पाठ फिरवायची नाही, जागीच लहान व्हायचं. हे न शिकवता तिथे उभं करणं म्हणजे बम्प्सच.

बॅगांचा प्रश्न त्या मानाने फारच सोपा आहे. संघाची बॅग, म्हणजे स्टंप, कीपरचे पॅड, प्रथमोपचाराची पेटी, ही कोणाला तरी न्यावीच लागते. स्कोअरबुकच्या मागच्या पानावर अकराही नावं लिहायची, पहिलं कॅप्टनचं, आणि दर सामन्याला एक खोडायचं. स्वतःची बॅग ज्याची त्याने. पार्टी द्यायची तर सगळ्यांनी वर्गणी काढून शतकवाल्याला द्यायची. आठवड्यातून एक दिवस नेटचा क्रम उलटा, नवी पोरं तीन वाजता नव्या चेंडूवर, सीनिअर साडेपाचला. असं सुचवलं की एखादा सतरा वर्षांचा सीनिअर तोंड वाकडं करून विचारतोच, "सर, मग सीनिअर होऊन फायदा काय?" प्रश्न खोटा नाही, दोन वर्षं त्यानेही ओझी वाहिलेली असतात. त्याला सांगावं: फायदा आहे. वाऱ्याच्या दिशेने टाकायचं टोक आधी तुला मिळतं, फील्ड तू लावतोस, आणि शॉर्ट लेगला तुला उभं राहावं लागत नाही.